तिथी बघा, मग किलोमीटर मोजा

आम्ही देवगाव रंगारीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. मागच्या माघात आम्ही 16 जणी आठ दिवस कोकणात फिरून आलो. समुद्राच्या कडेकडेनं गेलो, तीन खाड्या बोटीतून ओलांडल्या आणि सगळ्या जणी धडधाकट घरी आलो. तेव्हापासून आजूबाजूच्या गटांचे फोन चालू आहेत. खर्च किती आला हे बाया नंतर विचारतात. आधी विचारतात, रोज गाडी किती चालवली आणि मुक्काम कुठं कुठं केला? आज त्याच्याबद्दलच सांगतो. वही-पेन असेल तर जवळ घ्या. घरात भिंतीवर कालनिर्णय किंवा दुसरं कुठलं पंचांग असेल, तर तेही काढून ठेवा. ते का, हे पुढं कळेल.

आमच्यातल्या एकीच्या भाच्यानं सुरुवातीला मोबाइलवर बघून एक कागद करून दिला होता. चार दिवस, पंधरा ठिकाणं, दिवसाला 300 किलोमीटर. पोरानं मन लावून केलं होतं, पण तो कागद आम्ही बाजूला ठेवला. त्यात गाडीला किती जमतं ते होतं, आम्हाला किती जमतं ते नव्हतं. चहाला कुठं थांबायचं, बायांनी मोकळं कुठं व्हायचं, गुडघे धरलेल्या बाईनं जिना चढायला किती वेळ घ्यायचा, यातलं काहीच त्यात नव्हतं.

खरं तर प्रवासाची आखणी आपल्या बायांना शिकवायला नको. दिंडीत चाललेल्या कितीतरी जणी आपल्यात आहेत. पैठणहून नाथांची पालखी निघते तेव्हा सकाळी कुठवर चालायचं, दुपारचा विसावा कुठं, रात्रीचा मुक्काम कुठं, हे सगळं आधी ठरलेलं असतं. पाणी आहे, सावली आहे, गाव ओळखीचं आहे, अशाच जागी मुक्काम पडतो. फार पूर्वी माणसं अंतर असंच मोजायची. सुमारे 2000 वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेलं एक समुद्रप्रवासाचं पुस्तक आहे, ‘पेरिप्लस’ नावाचं. त्यात आपल्या पैठणचं नाव आहे. भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून तेर पूर्वेला 10 दिवसांच्या वाटेवर, असं त्यात लिहिलंय. बैलगाड्यांनी माल समुद्रापर्यंत जायचा, म्हणून हिशेब दिवसांचा. आम्हीही तसाच धरला. एका दिवसात एक वाट, एक मोठं ठिकाण आणि एक मुक्काम.

आता कोकणातली वाट आपल्या वाटेहून वेगळी कशी, ते सांगतो. सह्याद्रीवरून नद्या खाली येतात आणि समुद्राला मिळतात. त्यांच्या तोंडातून समुद्राचं खारं पाणी कितीतरी आत शिरतं, तीच खाडी. किनाऱ्याचा रस्ता प्रत्येक खाडीला येऊन तुटतो. मग एक तर आत जाऊन लांबच्या पुलावरून वळसा घालायचा, नाहीतर फेरीबोटीत गाडी चढवायची. तिथले लोक तिला जंगलजेटी म्हणतात. सपाट बोट असते, तिच्यात मोटारी, टेम्पो, मोटारसायकली आणि माणसं सगळीच जातात. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर धोपावं दिसतं. बोटीनं दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेच गाडीनं जायचं म्हटलं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरहून मोठा फेरा पडतो. वेळापत्रकात बोट धरली नाही तर एक अख्खा दिवस रस्त्यावर जातो.

रस्ताही आपल्यासारखा सरळ नाही. आपल्याकडं 60 किलोमीटर म्हणजे सव्वा तास. तिथं वळणं, चढ-उतार आणि अरुंद पूल आहेत, मध्येच सुपारीच्या बागेतून जाणारी बोळासारखी वाट लागते. तेवढ्याच 60 किलोमीटरला अडीच तास धरा. त्यात दर दीड तासाला थांबणं आलंच. म्हणून किनाऱ्यावरच्या दिवसाला आम्ही 70 किलोमीटरची हद्द घातली. ज्यांनी ऐकलं ते हसले. एवढ्यासाठी आठ दिवस कशाला, म्हणाले.

ही हद्द आम्ही आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारून घातली. त्या 71 वर्षांच्या आहेत. त्यांना शुगर आहे, जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. त्या म्हणाल्या, ‘मला सकाळी सातला बसवा आणि चारला उतरवा. मधे दोनदा जेवायला द्या. मग कुठंही न्या.’ आमचा सगळा आराखडा या बोलण्यावर उभा राहिला. तरण्या बायांना जे जमतं त्यावर आखणी केली असती तर या बाई घरीच राहिल्या असत्या. आणि गटात बचत सुरू करणाऱ्या त्याच आहेत.

आता पंचांग घ्या. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चढतं ती भरती, उतरतं ती ओहोटी. भरतीपासून ओहोटीला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. ही वेळ रोज एक नसते, ती चंद्राबरोबर रोज पाऊण तासानं पुढं सरकते. म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशेब आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ.

करून बघा. अष्टमी, म्हणजे आठ. आठाची पाऊणपट सहा. अष्टमीला सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बारानंतर ओहोटी. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, मोजणी एकच. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन, तीन. एकादशी आपण सगळ्या धरतो, तिचा हिशेब तुम्हीच करा. अकराची पाऊणपट सव्वाआठ. त्या दिवशी सकाळी सव्वाआठला समुद्र भरलेला असणार आणि दुपारी अडीचच्या सुमाराला उतरलेला.

हा हिशेब घड्याळाच्या काट्यासारखा नाही. अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतो, म्हणून तासाभराची सूट ठेवायची आणि तिथं पोचल्यावर कोळ्याला किंवा घरमालकाला विचारायचंच. पण घरी बसून आखणी करायला तो पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात. आम्ही समुद्रापासून इतक्या लांबच्या बाया, पण चतुर्थी-एकादशी तोंडपाठ असल्यामुळं समुद्राचं वेळापत्रक आम्हाला एका बैठकीत समजलं. गाडीच्या ड्रायव्हरला ते समजवायला आठ दिवस लागले.

याचा उपयोग कुठं होतो? हरिहरेश्वरला काळभैरव आणि हरिहरेश्वराचं दर्शन झालं की प्रदक्षिणेची वाट आहे. दोन खडकांमधल्या उभ्या पायऱ्या उतरून ती थेट समुद्राच्या कडेला येते आणि डोंगराला वळसा घालून परत देवळाकडं येते. ही वाट ओहोटीलाच करायची. भरतीला लाटा थेट त्या खडकांवर येतात, तिथून माणसं ओढली गेली आहेत. आणि हेदवीला याच्या उलट. तिथं समुद्राकाठी बामणघळ नावाची खडकातली अरुंद भेग आहे. भरतीचं पाणी तिच्यात कोंडतं आणि कारंज्यासारखं उंच उडतं. ओहोटीला गेलात तर नुसती खडकातली चीर बघून परत याल. एका ठिकाणी उतरतं पाणी हवं आणि दुसऱ्या ठिकाणी चढतं. म्हणून आम्ही आधी तिथी ठरवल्या आणि त्यांच्याभोवती मुक्काम बसवले.

रविवारी प्रतिपदेला निघालो, माघ वद्य पक्ष. पहिला मुक्काम आळंदी, सुमारे अडीचशे किलोमीटर. हा रस्ता मोठा आणि सरळ, म्हणून एवढं अंतर चालतं. सोमवारी आळंदीहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर, सुमारे 200 किलोमीटर. घाटात गाडी लागते, हे धरून चाला. सकाळी पोटभर न खाता थोडं खाल्लं आणि आपल्याच शेतातलं आलं मीठ लावून सुकवून नेलं होतं, ते तोंडात धरलं. पुढच्या सीटा ज्यांना त्रास होतो त्यांना. चार वाजता पोचलो, त्या दिवशी समुद्र फक्त लांबून बघितला.

मंगळवार, तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमाराला ओहोटी. आम्ही सातलाच देवळात गेलो आणि पाणी अजून उतरत असतानाच प्रदक्षिणेला लागलो. हे लक्षात ठेवा, उतरत्या पाण्यात जायचं, चढत्या पाण्यात कधीच नाही. उतरत्या पाण्यात उशीर झाला तरी वाट मोकळीच होत जाते. चौघी जणी पायऱ्यांमुळं वरच थांबल्या, त्यांच्याजवळ दोघी बसल्या. कुणाला एकटं सोडायचं नाही असं ठरलं होतं.

तिथल्या ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तिथल्या बायांशी त्या सकाळी न्याहारीला बोलणं झालं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा त्या भागातल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यावर फळाला यायला वर्षं लागतात. त्या सांगत होत्या आणि आम्हाला आपल्याकडची गारपीट आठवत होती. आपलं पीक एका हंगामात जातं, पण पुढच्या हंगामात जमीन पुन्हा पेरता येते. त्यांच्या झाडाला तसं नाही. बाग गेली म्हणून काहींनी पाहुण्यांसाठी घरातल्या खोल्या दिल्या. आमच्या 70 किलोमीटरच्या हद्दीमुळंच हे बोलणं होऊ शकलं. पंधरा ठिकाणांच्या कागदात न्याहारीला दहा मिनिटं होती.

दहा वाजता निघून बागमांडल्याला गेलो, जवळच आहे. तिथून फेरीबोटीनं सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी. बोटीत गाडी चढली की आम्ही सगळ्या खाली उतरलो, ड्रायव्हरनं हँडब्रेक ओढला. कठड्याला धरून उभ्या राहिलो आणि रायगड जिल्ह्यातून रत्नागिरी जिल्ह्यात पाण्यावरून गेलो. बोटीच्या वेळा हंगामाप्रमाणं बदलतात, म्हणून आदल्या संध्याकाळी घरमालकाकडून विचारून घ्यायच्या. पुढं केळशी आणि आंजर्ले. दिवसभराचे सगळे मिळून 50 किलोमीटर. मुक्काम आंजर्ल्याला.

बुधवारी संकष्टी होती. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती सकाळीच केला. मग हर्णै, दापोली, दाभोळ, तिथून फेरीबोटीनं धोपावं आणि गुहागर, सुमारे 70 किलोमीटर. उपवासवाल्यांसाठी शेंगदाण्याचे लाडू आणि केळी गाडीतच ठेवली होती. चंद्रोदय रात्री उशिरा, म्हणून चंद्र बघून जेवणाऱ्यांसाठी मुक्कामाच्या घरी आधीच फोन केला होता. हे किलोमीटरच्या कागदात बसत नाही, पण बायांची सहल यावरच अडते.

गुरुवार पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. हेदवीच्या बामणघळीला त्या वेळी पोचायचं, एवढं धरून मागं मोजत गेलो. हेदवी पावणेचार, त्याआधी दशभुज गणपती, त्याआधी वेळणेश्वरला जेवण आणि विसावा, म्हणजे गुहागरहून अकरालाही निघालं तरी चालतं. त्या दिवशी सकाळी आम्ही गुहागरच्या किनाऱ्यावर नऊवाऱ्या खोचून दोन तास पाण्यात उभ्या होतो. घळीचं पाणी लांबून बघितलं, कारण खडक निसरडा असतो आणि लाट सांगून येत नाही. मग तवसाळहून जयगडची फेरीबोट आणि अंधार पडायच्या आत गणपतीपुळे. सगळे मिळून 65 किलोमीटरच.

चारला उतरायचं हा नियम गुरुवारी आम्ही भरतीसाठी मोडला, बाकी दिवशी पाळला. एका मुक्कामावर त्याचा फार उपयोग झाला. फोनवर ठरवलेल्या खोल्या मालकानं दुसऱ्यांना देऊन टाकल्या होत्या. चारची वेळ होती, उजेड होता. दोघी जणी गावात फिरल्या आणि तासाभरात दुसरं घर मिळालं, संडास-बाथरूम बघूनच घेतलं. रात्री नऊला पोचलो असतो तर 16 बाया गाडीत झोपल्या असत्या.

परतीचं थोडक्यात सांगतो. शुक्रवारी आंबा घाटानं कोल्हापूर, शनिवारी पंढरपूर, रविवारी बीडमार्गे घरी. शेवटचा दिवस साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा, तो जड जातो. पण घरची ओढ असते, बाया तक्रार करत नाहीत. आळंदी, कोल्हापूर आणि पंढरपूर यादीत होतं म्हणून काही घरांतून लवकर परवानगी मिळाली, हेही सांगायला हरकत नाही. नुसता समुद्र बघायला जाते म्हटलं असतं तर दोघी-तिघींचं जाणं अडलं असतं. देवानं सोय केली असं आम्ही म्हणतो.

महिना कुठला? आपल्याकडं कापूस वेचून झाला, मका घरात आला, कांद्याची लागवड उरकली आणि गहू काढणीला यायचाय, असा मधला काळ माघातच मिळतो. तेव्हा कोकणात ऊनही सोसवतं. शनिवार-रविवार किनाऱ्यावर नको, मुंबई-पुण्याच्या गाड्यांची फेरीबोटीला रांग लागते. पावसाळ्यात तर समुद्राचं नावच काढू नका. मोटरलाँच बंद असतात आणि त्याला कारण आहे. 17 जुलै 1947 ला रामदास नावाची बोट मुंबईहून रेवसला निघाली होती, थोड्याशाच अंतरावर. ती बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याला पूर्वी आगबोटी जायच्या, त्यासुद्धा पावसाळ्यात बंद ठेवायचे.

गाडी ठरवताना एक गोष्ट विचाराच. बहुतेक गाडीवाले दिवसाला किमान अमुक किलोमीटर धरून भाडं लावतात, तुम्ही कमी फिरलात तरी. आमचे किनाऱ्यावरचे दिवस 50 ते 70 किलोमीटरचे. म्हणून आम्ही आठही दिवसांचे किलोमीटर एकत्र मोजून भाव ठरवला. फेरीबोटीचं तिकीट, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता कुणाकडं, हेही कागदावर लिहून घेतलं. गाडी गावातलीच घेतली, ड्रायव्हर सगळ्यांच्या ओळखीचा. घरच्यांची झोप त्यामुळंच नीट झाली.

ज्यांना आठ दिवस जमत नाहीत त्यांच्यासाठी छोटी वाट आहे. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई, सकाळी गेटवेवरून बोटीनं तासाभरात मांडवा, पुढं अलिबाग. तिथला कुलाबा किल्ला समुद्रात आहे, ओहोटीला पायी जाता येतं. पाऊणपटीचा हिशेब तिथंही चालतो. या मार्गावर अजंठा नावाच्या बोटी चालतात. आपल्या अजिंठ्याचं नाव समुद्रावर वाचून बरं वाटतं. मुरूडपर्यंत एसटी आहे, आणि 17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच. दोन मुक्कामांत होऊन जातं.

आमची पुढच्या माघाची बैठक येत्या मंगळवारी दुपारी दोनला देवगावात आहे. गावाबाहेरच्या गटांनीही यावं. येताना नवीन वर्षाचं पंचांग आणा, आणि आपल्या गटातल्या सगळ्यात मोठ्या बाईला बरोबर घेऊन या. सकाळी किती वाजता बसायचं आणि किती वाजता उतरायचं, हे आधी त्यांना विचारायचंय.